बोचियाचा संच: चेंडू पारखून घ्या, रॅम्प सुताराकडून करून घ्या

बोचिया या दिव्यांगांच्या खेळाचा चेंडू २७५ ग्रॅमचा असावा लागतो, १२ ग्रॅम इकडेतिकडे चालतात. परीघ २७० मिलिमीटर, त्यात ८ मिलिमीटरची सूट. म्हणजे २६३ ग्रॅमच्या खाली किंवा २८७ च्या वर गेलेला चेंडू स्पर्धेच्या तपासणीत बाद. संच हातात आला की पहिलं काम हेच: स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आणि शिंप्याची टेप घेऊन तेराच्या तेरा चेंडू मोजायचे. पंधरा मिनिटं लागतात, आणि संच ठेवायचा की परत पाठवायचा हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

खेळ नवा असलेल्यांसाठी थोडक्यात. सहा लाल, सहा निळे आणि एक पांढरा असे तेरा चेंडू. पांढऱ्याला जॅक म्हणतात. आधी जॅक टाकायचा, मग आपले चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन थांबवायचे. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वात जवळच्या चेंडूपेक्षा तुमचे जितके चेंडू जॅकच्या जवळ, तितके गुण. एकेरीत चार डाव, संघात सहा. सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, मानेजवळची मणक्याची इजा अशा, हातापायांवर फार कमी ताबा असलेल्या खेळाडूंसाठी हा खेळ आहे. १९८४ पासून तो पॅरालिम्पिकमध्ये आहे. हाताने किंवा पायाने फेकणारे बीसी१, फक्त हाताने फेकणारे बीसी२, बहुतेक हाताने आणि काही पायाने फेकणारे बीसी४, आणि ज्यांना चेंडू धरून फेकता येत नाही ते बीसी३. हे बीसी३ खेळाडू रॅम्पवरून, म्हणजे उतरत्या पन्हळीवरून, चेंडू सोडतात. संच घेताना सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते याच रॅम्पवर, म्हणून त्याबद्दल पुढे सविस्तर.

आधी चेंडू. मुंबईत मिळणारे संच ढोबळमानाने दोन प्रकारचे: कृत्रिम चामड्याचा देशी संच आणि बाहेरून मागवलेला स्पर्धेच्या दर्जाचा संच. देशी संच काही हजारांत मिळतो, परदेशी त्याच्या अनेक पट महाग पडतो. कंपन्यांची नावं इथे मुद्दाम घेतलेली नाहीत. एकाच नावाच्या दोन खोक्यांत वेगवेगळ्या प्रतीचे चेंडू निघू शकतात, त्यामुळे नावापेक्षा तपासणीवर भरवसा ठेवणं बरं.

देशी संचात वजन सहसा बसतं. गडबड असते ती गोलाईत आणि शिवणीत. चेंडूच्या आत प्लॅस्टिकचे बारीक दाणे असतात. शिवण सैल असली की ते एकेक करून बाहेर पडतात, आणि पेटीच्या तळाशी पांढरे दाणे दिसले की समजावं, कुठला तरी चेंडू हलका होत चाललाय. गोलाई तपासायला गुळगुळीत, सपाट टाइलवर चेंडू अगदी हळू सोडायचा. थांबता थांबता तो दर वेळी एकाच बाजूला कलंडत असेल तर भरण एकीकडे सरकलंय. दोन्ही तळव्यांत धरून दोन-तीन मिनिटं मळला की बऱ्याचदा ताळ्यावर येतो. मळूनही कलंडतच असेल तर दोष शिवणीच्या कापात आहे, तो चेंडू बदलून मागावा.

त्यानंतरची परीक्षा जास्त कडक. एकाच उंचीवरून, एकाच रॅम्पवरून प्रत्येक चेंडू पाच वेळा सोडायचा आणि थांबला तिथे खडूने खूण करायची. पाच मीटरवर पाचही खुणा २० सेंटीमीटरच्या आत पडल्या तर चेंडू चांगला. ४० च्या पुढे पसरल्या तर तो सरावालाही ठेवू नये, कारण खेळाडूला वाटतं आपला नेम चुकला आणि चूक चेंडूची असते. नव्याने शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे फार लागतं. महिनाभर खटपट करूनही चेंडू ऐकत नाही म्हटल्यावर ते खेळच सोडून देतं.

मऊ आणि कडक हा भेद दुकानदाराला बहुधा माहीत नसतो, तेव्हा मागतानाच स्पष्ट सांगावं. मऊ चेंडू पडतो तिथेच बसतो. जॅकला चिकटवायला किंवा प्रतिस्पर्ध्याची वाट अडवायला तो उपयोगी. कडक चेंडू लांब घरंगळतो, मध्ये आलेल्याला ढकलतो. गोट्यांमध्ये लांबची गोटी उडवायला जसा वेगळा नेम लागतो, तसा इथे वेगळा चेंडू लागतो. सहांमध्ये कुठल्या प्रकारचे किती ठेवायचे हे खेळाडूने ठरवायचं असतं. बोटं घट्ट आवळली जाणाऱ्या खेळाडूला मऊ चेंडू चिमटीत धरता येतो, कडक निसटतो. ज्याच्या हातात जोरच कमी, त्याला दूर पोचायला कडक हवा. सुरुवातीला दोन मऊ, तीन मध्यम, एक कडक अशी विभागणी बहुतेकांना जमते. देशी संचात सगळे मध्यमच येतात, ही त्याची मोठी उणीव. परदेशी संच मऊ-कडक निवडून मागवता येतो, आणि त्याच्या जास्तीच्या किमतीला आमच्या लेखी तेवढंच एक खरं कारण आहे.

मुंबईत या चेंडूंचा खरा वैरी पावसाळा. जून ते सप्टेंबर हवेत एवढा ओलावा असतो की खऱ्या चामड्याचा चेंडू तो शोषून काही ग्रॅमने जड होतो, शिवणीत बुरशी धरतो आणि कडकपणा बदलतो. कृत्रिम चामड्याचं दुखणं वेगळं: वरचा पॉलियुरेथेनचा थर उष्ण-दमट हवेत कुजतो, आधी चिकट होतो, मग पापुद्रे सुटतात. एकदा पापुद्रा सुटला की तो चेंडू कामातून गेला. उपाय साधा आहे, पण नेमाने करावा लागतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत चेंडू कधीही बंद करू नका. सुती पिशवीत घालून झाकणाच्या डब्यात ठेवा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या दर पंधरवड्याला बदला. खेळून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली अर्धा तास ठेवा. उन्हात वाळवू नका, रंग उडतो आणि आवरण तडकतं. वजन जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा घ्या. शिवण उसवली तर मोची किंवा धारावीतला चामड्याचं काम करणारा कारागीर ती मेणाच्या दोऱ्याने शिवून देतो. मात्र वरून ठिगळ लावू देऊ नका, चेंडूवर काहीही चिकटवलेलं असलं की तपासणीत तो बाद होतो.

आता जमीन. संच कितीही चांगला असला तरी खाली काय आहे यावर अर्धा खेळ ठरतो. सोसायटीची गच्ची वापरायचा मोह होतो, पण पावसाचं पाणी जावं म्हणून गच्चीला शंभराला एक असा उतार दिलेला असतो. साडेबारा मीटरच्या कोर्टवर तो साडेबारा सेंटीमीटर भरतो. चेंडू हळूहळू पन्हाळीकडे जातो आणि मुलं चुकीचा नेम शिकतात. चकचकीत विट्रिफाइड टाइलवर कडक चेंडू थांबतच नाही. जुन्या शाळांतल्या शहाबादी फरशीचे सांधे चेंडूला हिसका देतात. बॅडमिंटनची मॅट घातलेला किंवा लाकडी जमिनीचा हॉल सर्वांत बरा. तो मिळत नसेल तर मोझाइक टाइलचा शाळेचा हॉल चालतो, सांधे घासून सपाट केलेले असतील तर.

कोर्ट १२.५ बाय ६ मीटर. आखताना काटकोन चुकतो, म्हणून कर्ण मोजावे: दोन्ही कर्ण १३ मीटर ८६ ते ८७ सेंटीमीटर आले की चौकोन बरोबर. मागच्या टोकाकडून अडीच मीटरवर फेकीची रेषा, तिच्या मागे एक मीटर रुंदीच्या सहा चौकटी. फेकीच्या रेषेपासून बाजूला ३ मीटर आणि मध्यभागी १.५ मीटर अशी व्ही-रेषा, जॅक तिच्या पलीकडेच गेला पाहिजे. मध्यावर, फेकीच्या रेषेपासून ५ मीटरवर, फुलीची खूण. सगळ्या रेषा मिळून साधारण ६३ मीटर टेप लागते. खाकी पॅकिंग टेप मुळीच वापरू नका. उन्हाळ्यात तिचा गोंद जमिनीवर राहतो आणि हॉलवाले पुढच्या खेपेला दार उघडत नाहीत. पीव्हीसीची फ्लोअर मार्किंग टेप घ्यावी, खेळ संपल्यावर त्याच दिवशी काढावी. हॉल साडेबारा मीटर लांब नसेल तर पुढची लांबी कमी करा, फेकीच्या चौकटी मात्र पूर्ण मापाच्याच ठेवा. त्याचं कारण रॅम्पमध्ये आहे.

बीसी३ खेळाडूची खुर्ची, रॅम्प, चेंडू आणि सहायक, सगळं एक मीटर बाय अडीच मीटरच्या त्या चौकटीत मावावं लागतं आणि रॅम्पचं तोंड फेकीच्या रेषेच्या पुढे येता कामा नये. आडवा ठेवलेला रॅम्पही तेवढ्याच, एक बाय अडीच मीटरच्या जागेत बसायला हवा. पायठेवणीसकट व्हीलचेअर १०५ ते ११० सेंटीमीटर लांब असते, म्हणजे रॅम्पला फार तर १४० सेंटीमीटर उरतात. पण तेवढा लांब रॅम्प घेणंही चूक ठरतं. एकेरीत खेळाडू तिसऱ्या किंवा चौथ्या चौकटीत बसतो. तिसऱ्या चौकटीच्या मध्यातून पलीकडच्या दूरच्या कोपऱ्याकडे नेम धरायला १९ अंश वळावं लागतं. १४० सेंटीमीटरचा रॅम्प तेवढा वळला की टोक ४६ सेंटीमीटर बाजूला सरकतं, त्यात रॅम्पची अर्धी रुंदी मिळवली की चौकटीची कड ओलांडली. ९० सेंटीमीटरचा रॅम्प तीसच सरकतो. म्हणून सुताराला सांगताना जमिनीवरची लांबी ९० सेंटीमीटरच्या वर नको, हे पहिलं माप. जॅक व्ही-रेषेलगत बाजूच्या कडेला थांबला तर ५० अंशांपर्यंत वळावं लागतं, तेव्हा कुठलाच रॅम्प एकटा पुरत नाही, खुर्चीच फिरवावी लागते.

मुंबईत दिसणारे रॅम्प तीन प्रकारचे. पहिला, चार इंची म्हणजे ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा उभा अर्धा भाग. सर्वांत स्वस्त, नळाच्या सामानाच्या दुकानात मिळतो, एका दुपारी तयार होतो. दोष असा की चेंडूचा व्यास ८६ मिलिमीटर आणि पन्हळ त्याहून रुंद, त्यामुळे चेंडू अगदी मध्यावर ठेवला नाही तर झोके घेत खाली येतो आणि दर वेळी वेगळ्या दिशेला सुटतो. ९० मिलिमीटरचा पाइप घेतला तर चेंडू कडांना घासून अडकतो. यावर एक स्वस्त तोड आहे: पन्हळीच्या तळाशी वायरिंगच्या केसिंगच्या दोन बारीक पट्ट्या, मध्ये ४५ मिलिमीटर जागा सोडून, पूर्ण लांबीला चिकटवायच्या. चेंडू दोन रेषांवर टेकून येतो आणि झोके थांबतात. वळणासाठी मात्र तयार बेंडचा जोड वापरू नका, जोडाच्या कडेवर चेंडू उडतो.

दुसरा, परदेशी ॲक्रिलिकचा. दिसायला देखणा, पारदर्शक असल्याने खेळाडूला कोर्ट आरपार दिसतं, आणि हा फायदा खरा आहे. पण स्क्रूच्या भोकांपाशी तो तडकतो, चरे पडले की धूसर होतो आणि इथे त्याचा सुटा भाग मिळत नाही.

तिसरा, प्लाय आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा, सुताराकडून मापाने करून घेतलेला. आमची पसंती याला. दोन्ही बाजूंच्या फळ्या १२ मिलिमीटर प्लायच्या, त्यांच्यामध्ये १२ मिलिमीटर व्यासाच्या दोन नळ्या, मध्यापासून मध्यापर्यंत ५० मिलिमीटर अंतरावर. अंतर ६० च्या पुढे गेलं तर मऊ चेंडू मध्ये खचतो आणि रेटत रेटत उतरतो. प्लाय ७१० ग्रेडचाच, म्हणजे पाणी सोसणारा, घ्यावा. साधा कमर्शियल प्लाय दोन पावसाळ्यांत फुगतो, त्याच्याबरोबर नळ्यांमधलं अंतरही बदलतं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, नाहीतर खारी हवा वर्षभरात त्यांना खाते. वरचं टोक जमिनीपासून साधारण १२० सेंटीमीटर. खालचं वळण जितकं मोकळं तितकं चांगलं, त्रिज्या ४० सेंटीमीटरपेक्षा कमी केली तर चेंडू तळाशी आपटून उडी घेतो. नळ्यांची टोकं जमिनीला जवळपास टेकलेली हवीत. पाच मिलिमीटरपेक्षा जास्त पायरी राहिली तर प्रत्येक फेकीत चेंडू टप्पा खातो.

उंची आणि अंतराचं गणित सरळ आहे. एकाच जमिनीवर, एकाच चेंडूसाठी अंतर साधारण उंचीच्या प्रमाणात वाढतं: ४० सेंटीमीटरवरून साडेतीन मीटर गेला तर ८० वरून सातच्या आसपास जाईल. म्हणून बाजूच्या फळीवर दर पाच सेंटीमीटरला खाच पाडून घ्यावी. नुसता रंगाचा पट्टा पुरत नाही, कारण खेळ चालू असताना सहायकाला कोर्टकडे पाठ करून बसायचं असतं आणि त्याने मागे वळून पाहायचं नसतं. ‘दोन खाचा खाली’, ‘थोडं डावीकडे’, ‘अजून, अजून, बस’ अशा खेळाडूच्या सूचनांवर त्याचे हात चालतात. खाच बोटाला लागली पाहिजे. प्रत्येक फेकीनंतर रॅम्प डावीकडे आणि उजवीकडे हलवून पुन्हा मांडावा लागतो, तेव्हा बैठकीखाली चार छोटी रबरी चाकं किंवा फिरती थाळी असावी, पण घसरणार नाही इतकी घट्ट. नेम धरायला मदत करणारी लेझर, स्कोप यांसारखी साधनं आणि चेंडूला धक्का देणारी कळ नियमात बसत नाही. उत्साहाने बसवून देणाऱ्या कारागिराला हे आधीच सांगून ठेवा.

चेंडू सोडताना खेळाडूचाच शेवटचा स्पर्श असावा लागतो. हात चालत नसेल तर डोक्याला किंवा तोंडात धरलेली पॉइंटरची काठी चालते. इथे बहुतेक जण दोन चुका करतात. एक, काठी लवचीक घेतात. ती वाकते आणि सुटताना चेंडूला बाजूला ढकलते. ॲल्युमिनियमची पोकळ नळी आणि टोकाला कुबडीच्या रबरी बुचासारखं बूच, हे ठीक. दुसरी, जड हेल्मेटला काठी बसवतात. क्रिकेटचं हेल्मेट यासाठी नको, वीस मिनिटांत मान थकते आणि थकलेल्या मानेला झटके जास्त येतात. सायकलचं हलकं हेल्मेट किंवा रुंद पट्टा बरा. चेंडू ढकलायचा नसतो. काठीने दाबून धरायचा आणि डोकं वर उचलून मोकळा करायचा. तोंडातली काठी सलग फार वेळ वापरू नये, दातांवर आणि जबड्यावर ताण येतो. मान आणि पाठीची ठेवण कशी असावी हे ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून एकदा तपासून घ्यावंच. हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी ही सोय मिळते. खेळाडू खुर्चीत एका बाजूला घसरत असेल तर रॅम्प कितीही सरळ मांडला तरी त्याला तो तिरपा दिसतो.

नेण्याआणण्याचा विचार रॅम्प करून घेण्याआधी करावा, नंतर नव्हे. टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते, तेव्हा रॅम्प मागच्या सीटवर किंवा वरच्या कॅरिअरवर. जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये खुर्ची आणि माणूस शिरल्यावर लांब सामानाला जागा उरत नाही. रॅम्पचे तीन तुकडे करून घ्यावेत, एकही ९० सेंटीमीटरपेक्षा लांब नको, आणि जोड फुलपाखरी नटांचे, म्हणजे पाना लागत नाही. जोडाच्या जागी नळीच्या आत सहा इंची सळीचा तुकडा घातला की दोन नळ्या एका रेषेत राहतात. हे न केल्यास जोडावर चेंडू टकटक आवाज करत उतरतो, आणि तो आवाज आला की दिशा बिघडली म्हणून समजा. लोकलच्या दिव्यांग डब्यात गर्दीच्या वेळी तुकडे उभे धरावे लागतात, त्यासाठी कॅनव्हासची खांद्यावर अडकवायची पिशवी शिवून घ्या, तळाला दुहेरी कापड लावून.

निकाल असा. शाळा, थेरपी केंद्र किंवा घरच्या सरावासाठी देशी संच आणि सुताराकडचा रॅम्प. संच दुकानातच मोजून, आणि खराब चेंडू सुटे बदलून मिळतील एवढं बिलावर लिहून घेऊन. राज्य पातळीच्या पुढे खेळणाऱ्यांनी मऊ-कडक निवडून परदेशी चेंडू घ्यावेत, रॅम्प तरीही इथेच करावा. लकवा येऊन गेलेल्या ज्येष्ठांसाठी किंवा नुसत्या विरंगुळ्यासाठी देशी संच पुरेसा आहे, त्यात फक्त दोन मऊ चेंडू वेगळे मिळवा. आयोजकांसाठी कॅलिपर (चेंडूंमधलं बारीक अंतर मोजायचं साधन), टेप, पाळी कुणाची हे दाखवणारी लाल-निळी पाटी आणि स्टॉपवॉच एवढं वरचं सामान लागतं. संचाबरोबर येणारा कॅलिपर प्लॅस्टिकचा असेल तर पोलादी घ्या, अगदी जवळच्या दोन चेंडूंमध्ये प्लॅस्टिकचा वाकतो आणि वाद होतो. जॅक मात्र सुरुवातीलाच दोन जास्तीचे मागवा. हॉलच्या धुळीने पांढरा चेंडू सर्वात आधी मळतो, साबणाने घासला की आवरण सुटतं, आणि मळून राखाडी झालेला जॅक आठ मीटरवरून कमी नजरेच्या खेळाडूला दिसत नाही.